ज्यांची नावं कधीच कळणार नाहीत, त्यांचे आभार कसे मानायचे?

कवडसा (धागाकर्ती)

गेल्या मंगळवारी मी शेवटची गोळी घेतली. आजार एएलएल, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. सुरुवातीचे आठ महिने बहुतेक वॉर्डातच गेले. मग रोजची मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. सगळं मिळून अडीच वर्षांच्या वर. घरचे आनंदात आहेत, मीही आहे. पण गोळी घेतल्यावर मी कपाटातून एक वही काढली आणि रात्रभर तीच घेऊन बसले.

रक्ताची पिशवी लावण्याआधी दोन नर्स नंबर मोठ्याने वाचतात. एक पिशवीवरचा, दुसरी कागदावरचा, आणि मग माझ्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. तो नंबर कानात राहायचा, म्हणून वहीत उतरवायला लागले. एकूण ४१ झाले. १८ लाल पेशींचे, २३ प्लेटलेट्सचे. प्रत्येक नंबरामागे एक माणूस. दंडावरची बाही वर करून कुठेतरी बसलेला. मला त्याचं नाव माहीत नाही, त्याला माझं नाही.

आणि एक पलीकडच्या कॉटवरची ताई. तिला एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचाच दुसरा प्रकार, तोही उलटून आलेला. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "केस आत्ताच कापून टाक. उशीवर सापडलेले केस जास्त रडवतात." व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने माझ्या बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन ती बधिर झाली, गाऊनची बटणं लागेनात. ताई सकाळी स्वतःचा सलाईनचा स्टँड ढकलत यायची आणि एका हाताने माझी बटणं लावून द्यायची. दुसऱ्या हातात तिची सुई असायची. वरून खाली पाच बटणं, आणि शेवटच्याला "झालं" म्हणायची.

चौथ्या महिन्यात मी पाठीतल्या इंजेक्शनसाठी खालच्या मजल्यावर गेले होते. वर आले तेव्हा तिची कॉट आवरलेली होती. चादर नवी होती.

तर दोन प्रश्न. या ४१ जणांचे आभार कसे मानायचे? मला स्वतःला आता रक्त देता येणार नाही. ल्युकेमिया होऊन गेलेल्यांचं रक्त बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आणि ताईच्या मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. दोन वर्षांनी फोन करून तिची जखम उकरावी का?

रानवारा

उपचार पूर्ण झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. "शेवटच्याला झालं म्हणायची" इथे थांबलो आणि उठून एक चक्कर मारून आलो. उत्तर सुचत नाहीये, पण वाचतोय.

पेढीतली_मी

मी रक्तपेढीत काम करते. तुझ्या वहीतला हिशोब थोडा चुकलाय, आणि तो चांगल्या बाजूने चुकलाय.

४१ पिशव्या म्हणजे ४१ माणसं असतीलच असं नाही. माणूस एकदा रक्त देतो तेव्हा आम्ही ते यंत्रात फिरवून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे करतो. एका रक्तदानातून निघणाऱ्या प्लेटलेट्स मोठ्या माणसाला पुरत नाहीत, म्हणून साधारण चार ते सहा जणांच्या एकत्र करून एक डोस होतो. दुसरी पद्धत अफेरेसिसची, त्यात एकाच दात्याकडून पूर्ण डोस मिळतो. तुझ्या २३ पैकी बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतील तर माणसं शंभराच्या घरात जातील.

लाल पेशी फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट्सना थंडी चालत नाही. २० ते २४ अंशांत, एका हलत्या फळीवर त्या सतत डुलत ठेवाव्या लागतात, आणि तरीही बहुतेक ठिकाणी पाचच दिवस चालतात. त्यातला पहिला दिवस-दीड दिवस तपासण्यांतच जातो. म्हणजे तुला बुधवारी मिळालेली पिशवी कुणीतरी त्याच आठवड्यात किंवा फार तर आदल्या शनिवार-रविवारी दिली होती. तू वॉर्डात आडवी होतीस तेव्हाच तो माणूस सुट्टीच्या दिवशी उठून आला होता. लांबलचक सुट्ट्या लागल्या की आमची फळी रिकामी होते आणि मग आम्ही नेहमीच्या दात्यांना फोन करत बसतो. ते येतात हो. खरंच येतात.

अबोली

पेढीतली_मी, पिशवीवर "इरॅडिएटेड" असं लिहिलेलं असायचं ते काय असतं? बाबांच्या वेळी ते वाचून आम्ही घाबरलो होतो.

पेढीतली_मी

घाबरण्यासारखं काही नाही. दात्याच्या रक्तात थोड्या जिवंत लिम्फोसाइट्स, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. रुग्णाची प्रतिकारशक्ती फारच खाली गेलेली असेल तर त्या पाहुण्या पेशी तिथे मूळ धरून शरीरावर हल्ला करू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. किरण देऊन त्या पेशींची वाढायची ताकद काढून घेतात. पिशवीत किरण उरत नाहीत.

दोन_हात

मी दुसऱ्या बाजूचा. अकरा वर्षं प्लेटलेट्स देतोय. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आम्हाला कुणाला जातात ते सांगत नाहीत, आणि ते बरंच आहे. दीड तास खुर्चीत बसायचं. यंत्र रक्त घेतं, प्लेटलेट्स काढून घेतं, बाकीचं परत देतं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, त्याने शरीरातलं कॅल्शियम थोडं खाली येतं आणि ओठांना मुंग्या येतात. नर्सला सांगायचं, ती वेग कमी करते नाहीतर कॅल्शियमची गोळी देते. एवढाच काय तो त्रास. खुर्चीसमोर पिशवी टांगलेली असते, ती हळूहळू फिकट पिवळी होत फुगते. मी दर वेळी तिच्याकडे बघत बसतो. आज कवडसाचं वाचून पहिल्यांदाच त्या पिशवीच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी बटणं दिसली.

आभार कसे मानायचे असं विचारलंस. मानलेस की. अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कवडसा

दोन_हात, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

एक सांगते. प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्या की हिरड्यांतून रक्त यायचं, पायांवर लाल ठिपक्यांची रांगोळी उमटायची. (नॉर्मल म्हणजे दीड लाखाच्या वर.) पिशवी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी पाय बघायचे. नवे ठिपके नसायचे. तुम्ही पिशवीकडे बघत बसता तशी मी पायांकडे बघत बसायचे.

उंबरठा

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

मला एएमएल होता. आजारी असताना "कृतज्ञ राहा, पॉझिटिव्ह राहा" हे इतक्यांदा ऐकलं की तो शब्दच नकोसा झाला. तोंडभर फोड, पाणी गिळवत नाही, आणि भेटायला येणारा माणूस सांगतोय की किती लोक तुझ्यासाठी झटतायत बघ. मला दात्यांबद्दल त्या वेळी काहीही वाटलं नाही. राग यायचा. सगळ्यांचं घेतोय आणि परत काहीच देता येत नाही याचा राग. रुग्णावर आभाराचं ओझं टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो जगायला बघतोय, तेवढं पुरे.

सहरुग्णांचं मात्र वेगळं. तिथे आभार मानावे लागत नाहीत. समोरच्या कॉटवरचा काका आणि मी एकमेकांना सकाळी फक्त काउंट विचारायचो. "किती?" "पॉइंट दोन." "माझे पॉइंट तीन, तुझ्या पुढे गेलो." न्यूट्रोफिल्सची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची शर्यत. माझे पॉइंट पाच, म्हणजे पाचशेच्या वर गेले त्या दिवशी तो माझ्याहून जास्त खूश होता, त्याचे खालीच होते तरी.

अबोली

उंबरठा, अगदी पटलं. पण एक विचारू? मग तो काका एवढा खूश झाला त्याला तुम्ही काय म्हणाल?

उंबरठा

...हो. तेच म्हणावं लागेल. पण त्याने ते माझ्याकडून मागितलं नव्हतं, म्हणून.

धाकटा

माझी गोष्ट जरा अवघड आहे. माझं बोन मॅरोचं, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या गाभ्याचं, प्रत्यारोपण झालं. दाता अनोळखी नव्हता, सख्खा भाऊ होता.

सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. आम्ही दोघंच भाऊ. जुळलं. आमच्यात त्याआधी चार वर्षं बोलणं नव्हतं, कारण इथे लिहिण्यासारखं नाही. तो आला, तपासण्या केल्या, इंजेक्शनं घेतली, पेशी दिल्या आणि माझ्या खोलीच्या काचेबाहेर उभा राहून हात हलवून गेला. पिशवी लाल, जेमतेम दोन तळव्यांत मावेल एवढी. नर्स म्हणाली, एवढंच असतं.

माझा रक्तगट ओ होता. जुन्या लाल पेशी शे-सव्वाशे दिवस जगतात, त्या सरत गेल्या तसतसा गट बदलला आणि काही महिन्यांनी रिपोर्टवर बी आला. भावाचा गट. कागद हातात धरून मी त्याला फोन केला आणि "थँक यू" म्हणणार होतो, पण ते तोंडातून येईना. "तुझा गट आलाय" एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "आता डासांना सांगायला पाहिजे." आम्ही हसलो. चार वर्षांनी पहिल्यांदा.

आता दर रविवारी फोन असतो. थँक यू अजून म्हटलेलं नाही.

रानवारा

डासांना सांगायला पाहिजे! धाकटा, तुमच्या भावाला इथे सदस्य करून घ्या.

झुळूक

अवांतर होईल, पण मला आणखी काही माणसं आठवली.

कवडसा, तू आठवड्याला घेत होतीस ते मेथोट्रेक्सेट. त्याच कुळातलं त्याच्या आधीचं औषध अमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांवर ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं. दहा मुलं काही काळ सुधारली. मग आजार परत आला. त्या काळी या आजारात मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. औषधाने हा आजार मागे हटू शकतो हे पहिल्यांदा दिसलं ते या मुलांच्या रक्तात. आज जिथे पूर्ण उपचार मिळतात तिथे एएलएल झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुलं पाच वर्षांनंतरही हिंडत-फिरत असतात.

बोन मॅरोचंही तेच. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथे अणुभट्टीत अपघात होऊन सहा जणांना भयंकर किरणोत्सर्ग झाला. त्यांना पॅरिसला नेलं, डॉ. जॉर्ज माते यांनी उपचार केले. फ्रान्समधल्या अनोळखी माणसांनी आपला मॅरो काढून दिला. तेव्हा दात्यांची नावं नोंदवणारी रजिस्ट्री नव्हती, एचएलए जुळवणं नव्हतं, पुढे काय होईल हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. सहापैकी पाच जण वाचले. पुढे ल्युकेमियासाठी प्रत्यारोपण बसवणाऱ्या डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं, पण त्यांचे सुरुवातीचे रुग्ण वाचले नव्हते. मी हे रुग्णसुद्धा दातेच मानते. आपल्याला मिळालेल्या औषधाचा डोस, वेळापत्रक, कुठे थांबायचं, सगळं त्यांच्या अंगावरून आलंय.

कवडसा

झुळूक, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मेथोट्रेक्सेटची ती पिवळीधमक पिशवी आठवली. वहीत एक पान कोरं सोडलं आहे, त्या १६ मुलांसाठी.

पाऊलवाट

बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, आज लिहिते.

मी पंचविसाव्या वर्षी गालाच्या आतून कापूस फिरवून रजिस्ट्रीत नाव घातलं आणि विसरून गेले. सहा वर्षांनी फोन आला. पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं. त्याने मूळपेशी हाडांतून रक्तात उतरतात आणि कंबर, पाठ, मांड्या फ्लू झाल्यासारख्या ठणकतात. मग पाच तास यंत्रावर, दोन्ही हातांत सुया, त्यामुळे नाक खाजलं तरी दुसऱ्याला सांगावं लागायचं. आठवड्याभरात मी पूर्ववत. घेणाऱ्याबद्दल एवढंच कळलं की प्रौढ पुरुष, ल्युकेमिया.

वर्षभराने विचारलं. उत्तर आलं की रुग्ण हयात नाही.

मला तेव्हापासून एक प्रश्न आहे, कुणाला विचारता येत नव्हता. माझ्या पेशींनीच तर त्याला त्रास दिला नसेल? वाचलंय की दात्याच्या पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर हल्ला करतात. मी त्याला मदत केली की काय केलं? आभारांच्या धाग्यावर हे लिहू नये कदाचित. पण माझ्या वाट्याला आभार आले नाहीत, हेच आलं.

पेढीतली_मी

पाऊलवाट, इथेच लिहायचं. प्रत्यारोपणानंतर माणूस जातो तो आजार परत आल्याने, संसर्गाने, किंवा तू म्हणतेस त्या जीव्हीएचडीने. ते कुणाला आणि किती होईल हे दात्याच्या हातात नसतं. आणि ज्या पेशी त्रास देतात त्याच उरलेला ल्युकेमियाही मारतात, प्रत्यारोपणाचा अर्धा उपयोग त्यासाठीच असतो. रजिस्ट्रीकडे दात्यांशी बोलणारी माणसं असतात, त्यांना जरूर फोन कर.

कवडसा

पाऊलवाट, मी त्या माणसाच्या बाजूने बोलू का? मी त्याच्या जागी नव्हते, पण त्या वॉर्डात होते.

ताईलाही दाता शोधत होते. तिला भावंडं नव्हती, आधी केमोने आजार आटोक्यात यायला हवा होता, तो आला नाही. पण एक दिवस डॉक्टर सांगून गेले की रजिस्ट्रीत एक जुळणारी व्यक्ती दिसतेय. त्या संध्याकाळी ती खिडकीशी उभी राहिली होती, स्टँड धरून. म्हणाली, "बघ, कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखंच आहे." प्रत्यारोपणापर्यंत वेळच आली नाही. पण ती संध्याकाळ तिला मिळाली. त्या दात्याला हे कधीही कळणार नाही.

तुमच्या माणसाला तर तुम्ही त्याहून किती जास्त दिलंत.

पाऊलवाट

धन्यवाद. आत्ता एवढंच लिहू शकते.

झुळूक

यावरून आठवलं. अनोळखी दात्यांची जगातली पहिली रजिस्ट्री १९७४ मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी सुरू केली, मुलासाठी. अँथनीला ल्युकेमिया नव्हता, दुसरा रक्ताचा जन्मजात आजार होता. १९७९ मध्ये तो गेला, त्याला जुळणारा दाता मिळाला नाही. आईने रजिस्ट्री चालू ठेवली. आज जगभरच्या रजिस्ट्र्या मिळून चार कोटींहून जास्त नावं आहेत.

चकवा

माझा प्रश्न साधा आहे. वय ४४. नाव नोंदवता येईल का? आणि तो मॅरो पाठीच्या मणक्यातून काढतात ना? घरचे घाबरवतायत.

पेढीतली_मी

मणक्यातून नाही. कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून, भूल देऊन. आणि आता बहुतेक वेळा पाऊलवाटने सांगितलं तसं हातातूनच घेतात. रजिस्ट्र्या नवी नावं तरुणांची घेतात, वयाची अट ठिकाणानुसार बदलते, ४४ ला काही ठिकाणी नाही म्हणतील, विचारून बघ. पण रक्त आणि प्लेटलेट्स देता येतील. तब्येत ठीक असेल तर तिथे ये, आम्ही वाटच बघत असतो.

उंबरठा

कवडसा, तुझा दुसरा प्रश्न सगळे विसरले. ताईच्या मुलीला फोन कर. माझा समोरचा काका गेल्यावर मी त्याच्या बायकोला फोन केला नाही. "आपण वाचलो, आता कुठल्या तोंडाने समोर जायचं" असं वाटायचं. पाच वर्षं झाली. अजून रुखरुख आहे.

अबोली

माझं मत उलट. बाबा गेल्यावर वॉर्डातल्या एकांचा फोन आला होता, मला तो झेपला नव्हता. फोन नको, आधी मेसेज कर. वाचायचा की नाही हे तिच्या हातात राहू दे.

कवडसा

अबोलीचं ऐकलं. मेसेज केला. खूप खोडून शेवटी चार ओळी उरल्या: मी कोण, कुठली कॉट, बटणांची गोष्ट, आणि उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

दोन दिवस काही नाही. आज पहाटे उत्तर आलं. तिने लिहिलंय, आई फोनवर रोज सांगायची, "चल ठेवते, मला बटणं लावायला जायचंय." त्यांना घरी वाटायचं की औषधांमुळे ती काहीतरी असंबद्ध बोलतेय. दोन वर्षं त्यांना तसंच वाटत होतं.

भेटायचं ठरलंय. वही घेऊन जाणार आहे. अजून काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

रानवारा

...

धाकटा

आज रविवार नाही, तरी भावाला फोन लावतोय.

चकवा

उद्या सकाळी नऊची वेळ घेतली आहे, प्लेटलेट्ससाठी. पहिल्यांदाच. सुईची भीती वाटते हो. कुणी जागं आहे का?

दोन_हात

आहे. आत्तापासून पाणी पीत राहा, रात्री लवकर झोप, सकाळी काहीतरी खाऊनच जा. सैल बाह्यांचा शर्ट घाल. पहिलीच वेळ आहे हे आल्या आल्या नर्सला सांग. सुई टोचताना उजवीकडच्या भिंतीकडे बघ, आणि ओठांना मुंग्या आल्या तर गप्प बसू नकोस. झालं की इथे येऊन लिही.